देवळातून घरी: संसार सांभाळून चर्चची सेवा कशी करावी

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, जवळ आला की आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, सेवेसाठी नवीन नावं घ्यायला सुरुवात होते. देवळात बायबल मोठ्याने वाचणारे वाचक हवेत, गायनमंडळात पुरुषांचे आवाज कमी पडतात, धर्मशिक्षणाच्या चौथीच्या वर्गाला शिक्षक मिळत नाही, आजाऱ्यांकडे जाणारी जुनी माणसं आता स्वतःच अंथरुणाला खिळली आहेत. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, सुटल्यावर फादर दारात उभे राहून एकेकाला विचारतात आणि तरुण जोडपी मान खाली घालून मोटारसायकलकडे वळतात. त्यांच्या मनात सेवा नसते असं नाही. विरार-चर्चगेट लोकलमध्ये रोजचे तीन-चार तास जातात, मुलांचा अभ्यास असतो, घरात म्हातारी माणसं असतात. माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसून मोठी झालेली एक मुलगी मला कडेला घेऊन म्हणाली, "मावशी, नाव द्यावंसं वाटतं हो, पण घर कोण बघणार?"

तिला उभ्याउभ्या देता आलं नाही ते उत्तर इथे लिहिते आहे. मी वसईची, वाडीवाल्या घरातली. पंचवीसेक वर्षं देवळात वाचन करते, काही वर्षं मुलांना शिकवलं, आता आजाऱ्यांकडे जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की देवळातली सेवा आणि घरातली सेवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि एकीसाठी दुसरी उपाशी ठेवायची नाही. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय बघा. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी येशू सभास्थानात, त्यांच्या प्रार्थनागृहात, शिकवतो, तिथून निघतो तो थेट आपल्या शिष्यांच्या, शिमोन आणि आंद्रियाच्या घरी जातो. घरात शिमोनाची सासू तापाने फणफणलेली. तो तिचा हात धरून तिला उठवतो आणि ती उठून सगळ्यांची सेवा करू लागते. सभास्थान ते घर, एवढीच वाट आहे. ती चालायची कशी, ते पायरी-पायरीने सांगते.

नाव देण्याआधी घराचं कॅलेंडर काढा

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय भिंतीवरून उतरवा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसा. आधी चर्चचं काही लिहू नका, घराचं लिहा. कोण किती वाजताची गाडी पकडतं, कोण किती वाजता परत येतं, मुलांच्या परीक्षा कधी, सासूबाईंची डॉक्टरची तारीख कोणती, वाडीत केळीची, फुलांची घाई कधी असते. उत्तन, पाचूबंदरच्या कोळी घरांचं कॅलेंडर अगदी निराळं. तिथला घरधनी बोटीवर गेला की कित्येक दिवस घरी नसतो, पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तो दोन महिने किनाऱ्यावर असतो. अशा माणसाला दर रविवारची जबाबदारी देऊन ती त्याला पाळता येणार नाही. पावसाळ्यात देवळाची कौलं, वायरिंग, पंपाची दुरुस्ती त्याच्याकडे सोपवा, तो ती जीव लावून करील. ऑफिसला जाणाऱ्याचं उलट आहे. त्याला रविवार मिळतो, आणि तोही अर्धा.

एवढं सगळं लिहून झाल्यावर आठवड्यात खरोखर किती तास मोकळे राहतात ते मोजा. बहुतेक घरांत दोन ते तीन निघतात. त्यांतला एक तास सेवेला द्या. सगळे देऊ नका.

हे मी एवढं ठासून का सांगते, तर माझी एक चूक आहे म्हणून. लग्नाला दहाएक वर्षं झाली होती. त्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, मी वाचन, गायनमंडळ, धर्मशिक्षण आणि वेदीची सजावट अशी चार कामं अंगावर घेतली होती. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारच्या मिस्सेत, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाय धुण्याचा विधी असतो. बारा जणांसाठी बारा पांढरे पंचे मी स्वतः इस्त्री केले, पितळी घंगाळ चिंच लावून घासलं, पाणी कोमट राहावं म्हणून थर्मास भरून नेला. मिस्सा झाली, मग रात्रीची आराधना झाली, मी साडेदहाला घरी आले. सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांना मधुमेह होता आणि टाचेला जखम होती. तिची पट्टी रोज संध्याकाळी मी बदलत असे. त्या दिवशी ती तशीच राहिली होती. गॉज जखमेला सुकून चिकटला होता. मी कोमट पाण्यात तो भिजवत बसले आणि तो हळूहळू सुटत असताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त खाटेची पाटी घट्ट धरून बसल्या. बारा जणांच्या पायांसाठी मी थर्मासमधून कोमट पाणी नेलं होतं आणि घरातले दोन पाय राहून गेले होते.

मार्कच्याच सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान'ची गोष्ट काढतो. आईबापांना द्यायचं ते मी देवाला वाहिलं आहे, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो फार कडक शब्दांत बोलतो. त्या रात्रीनंतर तो अध्याय मला कधी परका वाटला नाही. पुढच्या महिन्यात मी तीन कामं सोडली आणि वाचन तेवढं ठेवलं.

एक काम, एक वर्ष

म्हणून दुसरी पायरी: एकच सेवा घ्या आणि तीही एका वर्षासाठी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासनेचं नवं वर्ष सुरू होतं, तिथून धरा. फादरना भेटून आधीच विचारून घ्या की काम नेमकं काय, महिन्यातून किती वेळा, सराव कधी, मी नसेन तेव्हा कोण. आधी ते काम कोण करत होतं, त्याच्याकडे एकदा चहाला जाऊन या. तो सांगेल ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं.

काम निवडताना स्वतःचा स्वभाव बघा. आवाज स्पष्ट असेल तर वाचन. सूर असेल तर गायन. चारचौघांत बोलायला जड जात असेल पण हात चालत असतील तर सजावट, साफसफाई, साउंड सिस्टिम, हिशेब. हिशेबाचं काम घेतलंत तर दानपेटी कधी एकट्याने उघडू नका. दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, त्याच दिवशी वहीत चढवायचं. मुलांबरोबरचं काम असेल तर वर्गाचं दार उघडं, शक्यतो दोन मोठी माणसं, आणि एकट्या मुलाला मागे थांबवून घ्यायचं नाही. इतकी वर्षं सेवा केलेल्या माणसांनाही हे नियम सांगावे लागतात. पण ते सांगितलेच पाहिजेत आणि पाळलेही पाहिजेत.

नाही म्हणायची वेळ येईलच. आपल्याकडे फादरना नाही म्हणणं जड जातं, म्हणून माणसं हो म्हणतात आणि मग येत नाहीत. ते जास्त वाईट. सरळ सांगा: "फादर, या वर्षी माझ्याकडे वाचनाची सेवा आहे आणि घरी बाबा आजारी आहेत. पुढच्या आगमनकाळात विचारा, मी नक्की विचार करीन." बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडलेल्या शिष्यांनीही, हेच केलं. विधवांच्या रोजच्या वाटपात गडबड झाली तेव्हा त्यांनी सगळं स्वतःवर ओढून घेतलं नाही, सात जण निवडले आणि काम वाटून दिलं.

वाचकाचा आठवडा

वाचनावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण ते काम माझं आहे आणि ते सगळ्यांत सोपं समजलं जातं. पुस्तक उघडायचं, वाचायचं, खाली यायचं. तसं केलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे: शब्द कानावरून जातात आणि मागच्या बाकावरची बाई पदर सारखा करते.

रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. म्हणजे या रविवारी जे वाचाल ते पुन्हा तीन वर्षांनी येणार. तोवर ते ऐकणारं एखादं माणूस या जगातून गेलेलंही असेल. मी सोमवारी तयारी सुरू करते ती याच कारणाने.

सोमवारी किंवा मंगळवारी घरचं बायबल उघडून नेमलेल्या ओळींच्या आधीचा आणि नंतरचा भाग वाचा. कोण बोलतो आहे, कुणाशी, रागाने की मायेने, हे कळल्याशिवाय आवाज कुठे लावायचा ते कळत नाही. यशया संदेष्टा बंदिवासातल्या लोकांचं सांत्वन करत असेल तर ते आज्ञा सोडल्यासारखं वाचायचं नसतं. ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला रागावला असेल तर ते अंगाई म्हटल्यासारखं वाचायचं नसतं.

बुधवारी नावं काढा. नबुखद्नेसर, मलकीसदेक, थेस्सलनीका. नाव तीन-चार तुकड्यांत लिहून दहा वेळा मोठ्याने म्हणा. अडखळलात तर मागे जाऊन दुरुस्त करू नका, ठामपणे पुढे जा, लोकांचं लक्ष अर्थाकडे असतं.

गुरुवारी वहीत वाचन हाताने उतरवून घ्या आणि पेन्सिलीने थांबण्याच्या खुणा करा. स्वल्पविरामाला थोडं, पूर्णविरामाला एक श्वास, आणि जिथे बोलणारा बदलतो तिथे दोन. याच दिवशी ठरवा की रविवारी जमणार आहे की नाही. जमणार नसेल तर बदली वाचकाला आजच फोन. रविवारी सकाळी सव्वासहाला केलेला फोन म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

शनिवारी घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा, आणि त्याच्या हातात पुस्तक देऊ नका. त्याने फक्त ऐकायचं. वाचून झाल्यावर "कसं वाचलं?" असं विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. "काय कळलं?" असं विचारा.

माझ्याकडे हे काम सासूबाईंनी केलं. त्या पवित्र गुरुवारनंतर मी शनिवार संध्याकाळ पट्टी आणि वाचन यांच्यासाठी बांधून घेतली. आधी टाच धुवायची, औषध लावायचं, नवीन पट्टी बांधायची, मग हात धुऊन वही घ्यायची. त्या शाळेत फारशा गेल्या नव्हत्या. लहानपणी त्यांनी लॅटिनमधली मिस्सा ऐकलेली, अर्थ न कळता उत्तरं पाठ केलेली. उपासनेत लोकांच्या भाषेला वाट करून देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा त्या तरुण होत्या, आणि त्या म्हणायच्या की त्या रविवारी मला पहिल्यांदा वाटलं, फादर आपल्याशी बोलताहेत. त्यामुळे शब्द वाया गेला की त्यांना सहन होत नसे. एकदा पौलाच्या पत्राचं वाचन होतं आणि ते 'म्हणून' या शब्दाने सुरू होत होतं. मी एका दमात पुढे गेले. त्या मोगऱ्याच्या कळ्या ओवत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "म्हणून म्हणजे? कशामुळे म्हणून?" मला सांगता येईना. मी मागचा अध्याय काढला, दोघींनी मिळून वाचला, आणि मग मला कळलं की त्या एका 'म्हणून'वर सगळं वाचन उभं आहे. दुसऱ्या दिवशी मी तो शब्द म्हणून थांबले. तेव्हापासून आजतागायत पौलाच्या वाचनात मी आधी 'म्हणून', 'कारण', 'तरीही' शोधते आणि त्यांच्याभोवती चौकट काढते. तुम्हीही काढा. पौलाची सगळी वाट त्या छोट्या शब्दांवरून जाते.

रविवारी दहा मिनिटं आधी पोचा. पुस्तकातली खूण योग्य पानावर आहे का बघा. माइक तोंडापासून वीतभर लांब. तिथे गेल्यावर लगेच सुरू करू नका, लोक बसेपर्यंत, पंख्याखालची पानं शांत होईपर्यंत थांबा. लाल अक्षरातल्या सूचना मोठ्याने वाचायच्या नाहीत. वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ते गेलं की वाक्यच गेलं. नाटकही नको. आवाज तुमचा असला तरी शब्द तुमचा नाही.

आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कादोडी ही इथली बोली बोलतात, शाळा इंग्रजी आणि देवळात प्रमाण मराठी. त्यामुळे तरुण पोरांना देवनागरी भराभर वाचता येत नाही आणि ती लाजून पुढे येत नाहीत. त्यांना मी संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगते. सोळाव्या शतकात आपल्या वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि फ्रान्सिस्कन संघाच्या मिशनऱ्यांचा शब्द लोकांपर्यंत पोचवणारा दुभाषा झाला. तो धर्मगुरू नव्हता, साधा बंधू होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर त्याला क्रुसावर मारलं, १८६२ साली तो संत म्हणून जाहीर झाला. दुसऱ्याची भाषा शिकून शब्द पोचवणं, त्याची सेवा हीच होती. तुम्हाला तर आजीची भाषा शिकायची आहे. रोज पाच ओळी मोठ्याने वाचा, सहा महिन्यांत जीभ वळते.

घरची प्रार्थना

इथे बहुतेकांची चूक अशी होते की एकदम सगळं धरतात. पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची, पूर्ण जपमाळ, त्यावर लितानी, म्हणजे विनवण्यांची माळ, त्यावर नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आठवडाभर चालतं, मग कुणाची तरी गाडी चुकते आणि सगळंच सुटतं. आमच्या लहानपणी सातच्या घंटेला आख्खी आळी गुडघ्यावर असायची हे खरं, पण तेव्हा साडेआठला नालासोपाऱ्याच्या गर्दीतून उतरून कुणी घरी येत नव्हतं. जी वेळ खरी आहे ती धरा. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाआधी, ताटं मांडून झाली की. भूक असते म्हणून लांबत नाही आणि सगळे हजर असतात.

पंधरा मिनिटं पुरतात. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, वेदीवरचा दिवा किंवा मेणबत्ती लावायची आणि ती घरातल्या सगळ्यांत लहानाने लावायची. त्या दिवसाच्या शुभवर्तमानाच्या चार-पाच ओळी, वाचायच्या मुलांनी. मग जपमाळेचं एक दशक. दशक म्हणताना येशू आणि मरियेच्या जीवनातला एकेक प्रसंग मनात धरायचा, त्यांना रहस्ये म्हणतात: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. पूर्ण जपमाळ रविवारी करा, मे महिन्यात वाडीतल्या क्रुसाजवळ सगळे जमतात तेव्हा करा, ऑक्टोबरात करा. रोज एक दशक जे घर चुकवत नाही, त्या घराला मी मानते.

दशकानंतर प्रत्येकाने एक नाव घ्यायचं. कुणासाठी प्रार्थना करायची ते नाव. सुरुवातीला मुलं "सगळ्या जगासाठी" म्हणतात. त्यांना हळूच सांगा, एक माणूस सांग. मग वर्गात एकटा बसणारा मुलगा निघतो, रागावणारी बाई निघते, आणि तुम्हाला तुमच्या मुलाच्या दिवसात काय चाललंय ते पहिल्यांदा कळतं. ज्या घरचा माणूस समुद्रावर आहे त्या घरात त्याचं नाव आधी घ्यायचं, रोज, तो उद्या परत येणार असला तरी.

घरात भांडण झालं असेल तर? मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे तेच करा: अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट. मी आणि माझे यजमान कित्येकदा हातात जपमाळ घेऊन गप्प बसलो आहोत आणि मुलं आमच्या तोंडाकडे बघत राहिली आहेत. अशा दिवशी कुणीतरी एकाने "माझं चुकलं" एवढं म्हणायचं. पूर्ण चूक आपली नसली तरी आपल्या वाट्याची असतेच, तेवढ्यापुरतं म्हणायचं. मुलांसमोर भांडला असाल तर मुलांसमोरच म्हणायचं.

पंधरा-सोळा वर्षांची मुलं यायला नको म्हणतात. ओढून आणू नका, आणि सोडूनही देऊ नका. त्याला काम द्या. गाणं लावणं, गिटार, आजीला खुर्चीपर्यंत आणणं. गाणी आपल्याकडे काय कमी आहेत? रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांची भजनं कॅथलिक, प्रॉटेस्टंट सगळ्या मंडळींत गातात. त्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत बांधली, सुमारे अकरा हजार ओव्या. आपली प्रार्थना ओवीतून, भजनातून कोकणात चारशे वर्षं घराघरात राहिली आहे. मुलाला चाल आवडली की तो येतो. आला नाही तरी त्याचं ताट मांडतो तसं त्याचं नाव प्रार्थनेत घ्या, तो आतल्या खोलीतून ऐकत असतो.

जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याच्यावर प्रार्थना लादू नका. त्याने नुसतं बसणंही मोठं आहे. शेवटी लहानांनी मोठ्यांकडून आशीर्वाद घ्यायचा, डोक्यावर हात ठेवायचा, ही आपली जुनी रीत मोडू नका.

आजाऱ्यांकडे जाताना

जायच्या आधी फोन करा. दुपारी चार ते पाचची वेळ बरी, आंघोळ-जेवण-झोप झालेली असते. दोघांनी जा. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, आजारी माणूस आपल्यासाठी हसून थकतं. उभं राहून बोलू नका, खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. औषधं सांगू नका, डॉक्टर बदला म्हणू नका, अमक्याला हेच झालं होतं आणि तो गेला, हे तर नाहीच नाही. एक छोटं स्तोत्र वाचा, तेविसावं बहुतेकांना पाठ असतं आणि ओठ हलू लागतात. प्रभूने शिकवलेली प्रार्थना बरोबर म्हणा. मग गप्प बसा. गप्प बसणं शिकायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

त्यांना पापनिवेदन करायचं आहे का, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, हवी आहे का, ते विचारून फादरना कळवा. बऱ्याच धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरोघरी जातात, यादीत नाव घाला. तैलाभ्यंगाची, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराची, भीती काढा. तो मरणाऱ्याचाच संस्कार आहे असं आपल्याकडे अजून मानतात आणि फादरना शेवटच्या श्वासाला बोलावतात. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, थकलेल्या म्हातारपणात तो घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो.

आणि आजाऱ्याइतकंच त्याची सेवा करणाऱ्याकडे बघा. बहुधा ती सून असते, नाहीतर लेक. तिला विचारा, "तू शेवटची मिस्सेला कधी गेलीस?" ती हसून विषय बदलते. अशा वेळी सांगा, "या रविवारी साडेसातला मी येऊन बसते, तू जाऊन ये." मला विचाराल तर आजाऱ्याला दिलेल्या दहा भेटींपेक्षा ही एक मोठी. शेजारचं घर हिंदू असो, मुसलमान असो, तिथेही हीच रीत. त्या घरात जे ऐकाल, ते दाराबाहेर काढू नका.

शुक्रवार, सण आणि खर्च

थोडक्यात सांगते. प्रायश्चित्तकाळाची सुरुवात होते तो राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे दिवस, १८ ते ५९ वयाच्या सुदृढ माणसांना, आणि त्या दिवशी मांस नाही. पण आपण किनाऱ्यावरची माणसं. या नियमात मासळी मांसात धरत नाहीत, म्हणून त्या दिवशी पापलेट तळून खाल्लं तर नियम पाळला गेला, उपवास मात्र झाला नाही. आमच्याकडे प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी डाळ-भात आणि लोणचं, आणि मासळीचे वाचलेले पैसे एका डब्यात. डबा पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या आधी, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या मंडळींकडे जातो. पैसे मुलांच्या हातून टाकून घ्या.

पहिल्या कम्युनियनला, म्हणजे मूल पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतं त्या दिवशी, हॉल, केटरर, ड्रोनने शूटिंग हे आता गावोगाव दिसतं आणि मला त्याचं दुःख होतं. कर्ज काढून केलेल्या जेवणावळीत त्या मुलाला वेदी आठवत नाही. घरच्या अंगणात आळीतल्या माणसांना बोलवा. नाताळच्या करंज्या, कुलकुल करतानाही असंच: एक ताट आधी वेगळं काढा, ज्यांच्या घरी त्या वर्षी मरण झालं आहे आणि काही तळलं जात नाही, त्यांच्याकडे द्यायला.

दर तीन महिन्यांनी, आणि वर्षाच्या शेवटी

तीन महिन्यांनी पुन्हा ते कॅलेंडर घेऊन बसा. घरच्यांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. माझ्या सेवेमुळे तुमचं काय राहून गेलं? मी देवळातून घरी येते तेव्हा कशी असते, चिडलेली की शांत? पुढचे तीन महिने चालू ठेवू का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं फार खरं देतात. चिडलेली असं आलं तर काम कमी करा.

वर्ष संपलं की काम दुसऱ्याकडे द्यायला तयार राहा. वीस वर्षं एकच माणूस गायनमंडळ चालवतो आणि मग नवीन कुणी येत नाही म्हणून तक्रार करतो, हे मी पाहिलं आहे. पुढच्या माणसाला आधी दोन महिने बरोबर घ्या, आपल्याजवळची वही द्या, खुणांसकट. त्याच्या पहिल्या रविवारी पुढच्या बाकावर बसू नका, तो घाबरतो. मागे दाराशी बसा, तिथे पोचतो तो आवाज खरा. मिस्सा सुटल्यावर लगेच चुका सांगू नका, हात हातात घ्या आणि घरी जाऊ द्या. सोमवारी संध्याकाळी फोन करून एकच चूक सांगा, आणि विचारा, या शनिवारी घरात कुणाला वाचून दाखवणार आहेस?